गुलाबरावांचा पाय

पिंपरी,
ता. २ एप्रिल १९५७

तीर्थरूप उद्धवदादास,
विमलचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. मिरजेच्या खाटेवरूनच माझा कान धर. आम्ही दोघं खुशाल आहोत. ह्यांना कारखान्यात आता कायम केलं. पेनिसिलिनच्या मोठ्या टाक्यांवर देखरेख असते, घरी आले की अंगाला आंबूस वास येतो. नाक मुरडलं की म्हणतात, ह्या वासावर माणसं जगतात.

तुझे गुलाबराव आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, काचेच्या पेटीत विराजमान आहेत. कॉलनीतल्या बायका अजून बघायला येतात. शेजारच्या अंबुबाईंनी परवा विचारलं, की पांढऱ्या सरड्याच्या गालांना लाल तुरे फुटलेले हे काय पाळलंय? मी तू पढवलेलं सगळं म्हणून दाखवलं. हा सरडा नाही, बेडकाच्या कुळातला आहे, मेक्सिकोच्या थंड तळ्यात राहतो, ह्याला अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात. माझा भाऊ मुंबईला कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, त्याच्या साहेबांनी विलायतेहून अंडी आणली होती, त्यातला हा एकटा उरला. भाऊ छातीच्या दुखण्यासाठी मिरजेला गेला तेव्हा मुंबईच्या उकाड्यापेक्षा आमच्याकडे बरं म्हणून ठेवून गेला. अंबुबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, चावतं का?

ऊन फार चढलंय. गुलाबराव हल्ली विचारात असतात. शेपटीचं टोक गळाच्या आकड्यासारखं वळवून बसतात, आणि तुरे वाऱ्यात छत्री उलटावी तसे पुढे आलेले असतात. गांडूळ दिलं तर तोंडात धरतात नि सोडून देतात. मध्येच काचेला नाक लावून येरझाऱ्या घालतात. मी ह्यांना म्हटलं, मालकाच्या आठवणीनं जेवण सुटलं असेल. गंमत वाटते, पण खरं सांगू, बघताना जरा कसंसंच होतं.

तुला घरी कधी सोडणार ते डॉक्टरांना विचारून स्पष्ट लिही. मागच्या पत्रात ते तू शिताफीनं टाळलंस. आपल्या दोघांना वडीलधारं कुणी उरलेलं नाही, तेव्हा रागावायचं कामही मलाच करावं लागतं. लोभ आहे, तो पोस्टाच्या वेगानं नको, जरा लवकर पोहोचू दे.

तुझी
विमल

—

मिरज,
ता. ५ एप्रिल १९५७

चि. सौ. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ता आलं, आत्ताच उत्तर लिहितो आहे. अक्षर वाकडं आहे कारण पडून लिहितोय.

विमल, त्यात गंमत काही नाही. शेपटीचा आकडा, पुढे आलेले तुरे, टाकलेलं अन्न, सगळं एकच सांगतंय. त्याला पाणी सोसत नाही. पेटी खिडकीतून आजच्या आज हलव. काचेत पाणी तापतं. मनगटाची आतली बाजू पाण्यात बुडव. तुला गार लागलं नाही तर त्याला ते कढत आहे असं समज. कुंभाराकडून रुंद तोंडाचं मातीचं भांडं आण, ओल्या वाळूत बसव, भोवती भिजलेलं पोतं गुंडाळ आणि ते वाळू देऊ नकोस. नळाचं पाणी अजिबात नको. त्यात घातलेलं औषध माणसांना सोसतं, श्वास घ्यायच्या त्याच्या तुऱ्यांना झोंबतं. विहिरीचं पाणी मिळव. खाल्लेलं-टाकलेलं सगळं उचलत जा.

आणि उजेडात धरून तुरे नीट बघ. फिके पडलेत का? कुठे पांढऱ्या कापसासारखं काही चिकटलंय का? मुंबईत बाकीचे असेच गेले. आधी आकडा, मग फिकटपणा, मग कापूस. कापूस दिसल्यावर मी फार वेळ घालवला. तू घालवू नकोस.

माझं ठीक चाललंय. वजन वाढतं आहे, डॉक्टर खूष आहेत. शेजारच्या खाटेवर चाकणकडचा आबाजी म्हणून शेतकऱ्याचा मुलगा आहे, दिवसभर बैलांच्या गोष्टी सांगतो. यशवंतरावांना नमस्कार. तू काळजी करणार हे ठाऊक आहे. निदान ती कामाला लाव.

तुझा
दादा

—

पिंपरी,
ता. ९ एप्रिल १९५७

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

कापूस आहे.

तुझं पत्र यायच्या आधीच मी तो पाहिला होता. डाव्या तुऱ्याला, आणि एक पुंजका पुढच्या उजव्या पायाच्या बोटांशी. मला वाटलं, फडक्याचा धागा असेल. चिमटीनं काढायलासुद्धा गेले. तुझं पत्र वाचलं आणि तशीच कुंभाराकडे गेले.

भांडं आणलं. आमच्या मोरीत ओल्या वाळूत बसवलंय. पाण्यासाठी हे सायकलला कळशी बांधून नदीपलीकडे काळेवाडीला गेले. तिथं दौलतराव म्हणून शेतकरी आहेत, त्यांच्या मळ्यात विहीर आहे. नदीला पाणी कमी म्हणून सायकल उचलून पलीकडे नेता येते. दौलतराव म्हणाले, पानी न्या की, विहिरीला काय कमी हाय, पर पाव्हनं, पिनार कोन त्ये तरी सांगा. ह्यांनी खरं सांगितलं. तेव्हापासून ते रोज विचारतात, तुमचं ते जनावर काय म्हणतंय. निर्वासितांच्या कॅम्पातल्या सिंधी सोडावाल्याकडून भुशातला बर्फही आणते, फडक्यात बांधून भांड्याबाहेर लावते. पाणी गार झालंय. पण तो जागचा हलत नाही. पुतळ्यासारखा पडून असतो, मधूनच एकदा तोंड उघडतो. दर वेळी मला वाटतं, हे शेवटचं.

ह्यांच्या हाताशी एवढं पेनिसिलिन तयार होतं, त्यातलं थोडं पाण्यात घातलं तर? ह्यांना विचारलं तर म्हणाले, आधी दादांना विचार.

दादा, मला भीती वाटते. तू माझ्या भरवशावर ठेवलास आणि मी त्याचं दुखणं गंमत म्हणून लिहिलं. पुढे काय करू ते परतीच्या टपालानं कळव. तुझा राग आला असेल तर तोही पत्रात घालून पाठव, पण पाठव.

तुझी
विमल

—

मिरज,
ता. १२ एप्रिल १९५७

चि. सौ. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

राग नाही. पाच वर्षं असले प्राणी हाताळून मीही ह्या एकाखेरीज सगळे घालवले, तू तर स्वयंपाक सांभाळून करते आहेस.

पेनिसिलिन नको. अंगावरचा कापूस ही बुरशीच आहे, आणि यशवंतरावांच्या टाक्यांतही बुरशीच वाढवतात. हिला त्या औषधाचं काही वाटणार नाही. हिच्यावर मीठ चालतं. साधं खडेमीठ घे, विहिरीच्या गार पाण्यात शेरभराला दोन-तीन चमचे विरघळव, आणि त्याला त्यात सोड. दहा मिनिटं, घड्याळ समोर ठेवून, त्याहून एक क्षण जास्त नाही. तो तडफडेल. शेपूट आपटेल. तुला दया येईल. पोट वर करून उलटा झाला तर लगेच काढ, नाहीतर वेळ पुरी होऊ दे. मग स्वच्छ गार पाण्यात. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. उचलताना हात ओले असू देत, कोरड्या हातानं त्याची कातडी सोलते. बुरशी हातानं ओढू नकोस, तिच्याबरोबर तुरा निघतो.

पायावर लक्ष ठेव. मला तुऱ्यापेक्षा पायाची भीती वाटते. तुरा पाण्यात हलत असतो. पाय एका जागी टेकून राहतो.

माझ्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही. आबाजी सध्या वॉर्डात नाही, त्यामुळे बैलांच्या गोष्टी बंद आहेत. दुपारी फार शांत वाटतं. तू लांबलचक पत्र लिहीत जा. लोभ आहे तसाच, फक्त तुझ्या पत्रांची सवय जास्त झाली आहे.

तुझा
दादा

—

पिंपरी,
ता. १७ एप्रिल १९५७

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

मीठ केलं. पहिल्या वेळी ह्यांना घड्याळ धरायला बसवलं आणि मी त्याच्याकडे पाहत होते. तो असा उसळला की अर्धं पाणी माझ्या लुगड्यावर. मी काढायला हात घातला, ह्यांनी माझं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत ते माझ्याशी कधी जोरानं वागलेले नाहीत. वेळ झाल्यावर सोडलं आणि स्वतःच मोरीबाहेर निघून गेले.

पण दादा, तुऱ्याचा कापूस गेला. दुसऱ्या दिवशी निम्मा गळाला, आता नुसते टाचणीएवढे ठिपके आहेत. तुऱ्यात लाली परत येतेय. अंबुबाईंनी स्वतःच्या हातानं गांडूळ उकरून आणलं, त्यातलं अर्धं त्यानं खाल्लं. आम्ही दोघी मोरीत बसून लहान मुलानं घास खाल्ल्यासारख्या हसलो.

मग मी पाय पाहिला. बोटांवरचा कापूस गेलाय, पण खाली बोटं काळी आहेत. काल टोकांना होती, आज तळव्यापर्यंत आली. तो पाय तो टेकवत नाही, उचलून धरतो. पाण्याला वास येतो. कळशीचं नवं पाणी घातलं तरी थोड्या वेळानं पुन्हा तोच.

हे काय आहे ते मला समजलंय असं वाटतं, आणि तू ते नाही म्हणावंस अशी इच्छा आहे. तुझ्या तब्येतीबद्दल पुन्हा दोनच ओळी आल्या. आबाजी वॉर्डात नाही म्हणजे कुठे आहे? घरी सोडलं का त्याला? मग तुला का नाही?

तुझी
विमल

—

मिरज,
ता. २० एप्रिल १९५७

चि. विमल,
आशीर्वाद.

पाय कापावा लागेल. पत्र पोहोचेल त्याच दिवशी कर. उशीर केलास तर खांद्यात जाईल, मग अंगात.

नवं ब्लेड घे, पाण्यात उकळ. बर्फाचं पाणी करून त्यात त्याला ठेव. हळूहळू हालचाल थांबेल, चिमटा काढला तरी अंग ओढणार नाही. मेला असं वाटेल. मेलेला नसतो. मग ओल्या मलमलीवर ठेव. काळं जिथं संपतं त्याच्या वर, चांगल्या मांसात काप. लोभानं काळ्याच्या काठावर कापू नकोस. एकदाच, दाबून. टाका नको, मलम नको. रक्त थोडं येईल आणि थांबेल. लगेच गार स्वच्छ पाण्यात सोड, वर झाकण घाल, आणि तिथं बसून राहू नकोस.

ह्या प्राण्यांचा पाय परत येतो. दिवाळीपर्यंत बोटांसकट येईल. मी स्वतः पाहिलं आहे.

हे काम यशवंतरावांवर ढकलू नकोस. गुलाबरावाला तुझा हात माहीत आहे. मला भरवसा आहे.

दादा

—

पिंपरी,
ता. २५ एप्रिल १९५७

तीर्थरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

कापला.

तू लिहिल्यासारखंच झालं. बर्फात तो थंड पडला आणि मला वाटलं, मीच मारला. मलमलीवर तळहाताएवढा, पांढरा, तोंड मिटून. ब्लेड हलू नये म्हणून कोपर पाटावर टेकवलं. लिंबाची काडी मोडावी एवढाच आवाज झाला. लगेच त्याला पाण्यात सोडलं. तो पाण्यात बराच वेळ तसाच होता. तिथं बसून राहू नकोस असं तू लिहिलं होतंस, तरी मी बसले, झाकण काढलं. तुरा हलला. आता जखमेवर कातडी धरतेय, पाण्याचा वास गेला, आणि काल त्यानं सबंध गांडूळ गिळलं. दौलतरावांनी आज पाण्याबरोबर मळ्यातली वांगी पाठवली, जनावर बरं झालं म्हणून.

आता दुसरं लिहिते. ह्यात थट्टा नाही.

परवा दुपारी एक म्हातारी बाई दारात आल्या. सोजराबाई, तुझ्या आबाजीची आई. मिरजेहून चाकणला जायचं सोडून वाट वाकडी करून, तुझ्या तोंडून ऐकलेल्या कारखान्याच्या नावावर विचारत विचारत आमच्या कॉलनीत आल्या होत्या. हातात एक बोचकं. मी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. बसल्याही नाहीत. म्हणाल्या, बाई, माझा आबाजी गेला. छाती उघडली आन् टेबलावरच गेला. दिस-कार्य तिकडंच उरकलं. डाक्टर म्हनलं, सहा म्हयन्यांआधी आला असता तर वाचवला असता; ह्योच न्हाई न्हाई म्हनत ऱ्हायला. तुमचा भाव बी न्हाईच म्हनतोय. डाक्टर दोनदा येऊन सांगून गेला, ह्यो भिताडाकडं तोंड करून पडतोय. त्याला कुनी सांगनारं हाय का न्हाई, म्हनून आले.

एवढं बोलून त्या निघाल्या. मी त्यांच्या मागे स्टेशनच्या रस्त्यापर्यंत गेले.

वजन वाढतंय, डॉक्टर खूष आहेत, आबाजी सध्या वॉर्डात नाही. दादा, तू मला काय काय लिहिलंस ते आज पुन्हा काढून वाचलं. मी तुझ्यावर रागावलेय का भ्यालेय ते मलाच समजत नाही. चुलीपाशी बसून ब्लेड उकळत होते तेव्हासुद्धा इतकी भीती वाटली नव्हती.

उशीर केला तर अंगात जाईल, हे तू मला लिहिलंस. चांगल्या मांसात काप, काठावर लोभ करू नकोस, हे तू लिहिलंस. तू सांगितलंस आणि मी कापलं. आता मी सांगते. डॉक्टरांना हो म्हण. उत्तर आलं नाही तर मी गाडीत बसून येईन आणि सगळ्या वॉर्डासमोर तुझा कान धरीन.

तुझी
विमल

—

मिरज,
ता. २९ एप्रिल १९५७

चि. सौ. विमल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा रागच आला. सोजराबाईंचा, तुझा. दिवसभर पत्र उशीखाली ठेवलं.

खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर तू आली असतीस, आणि तुझ्यासमोर नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग सडला आहे. इंजेक्शनांनी खालचं सावरलं, वरचं सावरत नाही. तो भाग काढायचा म्हणतात.

आबाजीची खाट माझ्या डाव्या हाताला. त्या सकाळी त्याला न्यायला आले तेव्हा चहाची वेळ झाली होती. मला म्हणाला, मास्तर, माझा चहा राखून ठेवा, मी आलोच. मी कपावर बशी झाकून ठेवली. दुपारी चादर बदलायला आले. तो कप कुणी उचलेना आणि मलाही उचलवेना. विमल, मी शिकलेला माणूस आहे, शंभरात किती वाचतात ते डॉक्टरांनी मला आकड्यांत सांगितलंय, आणि आकडे चांगले आहेत. पण डोळे मिटले की मला तो कप दिसतो.

गुलाबरावाचा पाय परत येईल. माझं जे काढतील ते परत येणार नाही. जिना चढताना आयुष्यभर थांबावं लागेल, कदाचित शिकवायला उभं राहता येणार नाही. हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहितो, सबब म्हणून नाही.

आज सकाळी डॉक्टरांना हो म्हटलं. पुढल्या आठवड्यात करतील. तू येऊ नकोस असं लिहायला बसलो होतो.

ये.

तुझा
दादा

—

मिरज,
ता. ८ मे १९५७

घरच्या स्वारीस,
विमलचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तार मिळालीच असेल. तारेत मावलं नाही ते लिहिते.

काल सकाळी दादाला नेलं. आदल्या संध्याकाळी त्यानं मला विचारलं होतं, कापताना भीती कधी गेली? मी खरं तेच सांगितलं, की कापून झाल्यावरसुद्धा गेली नाही. त्यावर तो म्हणाला, मग ठीक आहे, मला वाटलं माझंच असं होतंय. नेताना त्यानं डोळे उघडे ठेवले होते. चष्मा माझ्याकडे दिला, त्यामुळे त्याला माझं तोंड दिसलं नसणार, ते बरंच झालं.

बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक आहे. मी तिथं गेले तर बाकाच्या टोकाला सोजराबाई बसलेल्या. मला आधी खरंच वाटेना. चाकणहून एकट्या आल्या होत्या. दादाची तारीख त्यांना तुम्हीच दौलतरावांकरवी कळवलीत, दौलतरावांचे पाहुणे चाकणकडचेच, हे सोजराबाईंकडून समजलं. मला सांगितलं नाहीत. मी म्हटलं, तुम्ही कशाला आलात, तुम्हाला इथं यायला कसं सोसलं? म्हणाल्या, ह्या बाकावर एकटीनं बसू ने. म्या बसलेय.

 त्यांनी माझा हात मांडीवर घेऊन दाबून धरला होता. आतून चाकांचा आवाज आला की माझा जीव वर यायचा. एकदा डॉक्टर बाहेर येऊन तोंडावरचं फडकं सोडून पुन्हा आत गेले, मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही समजतंय का बघायला उठले. सोजराबाईंनी मला खाली ओढलं. म्हणाल्या, त्येंच्या तोंडाकडं बघू नगं, त्येंची तोंडं सारखीच असत्यात. दार उघडून शिस्टर आली की तिच्या हाताकडं बघ. माझ्याकडं आली तवा आबाजीचा सदरा-धोतर घडी घालून आनलं हुतं.

त्यानंतर मी दाराकडे बघू शकले नाही. फरशीकडे बघत होते. दार उघडल्याचं मला आधी सोजराबाईंच्या हातावरून कळलं, तो एकदम घट्ट झाला. चपलांचा आवाज जवळ आला. मी मान वर करत नव्हते. मग त्यांनीच म्हटलं, बघ पोरी, मोकळे हायेत.

सिस्टरचे हात मोकळे होते. ओले होते, ती पदराला पुसत होती. म्हणाली, श्वास चालू आहे, आत या, एकच मिनिट.

दादा जिवंत आहे. ओठ पांढरे, नाकात नळी, एक खांदा खाली गेलाय. मी हाक मारली तेव्हा पापणी हलली. डॉक्टर म्हणतात पुढचे काही दिवस जपायचे, ताप चढता कामा नये. दर तासाला मी त्याच्या कपाळाला हात लावते आणि हात लावायलाही भिते. मी इथंच राहते. तुम्ही जेवायला अंबुबाईंकडे जात जा, लाजू नका. गुलाबरावांचा बर्फ बंद करू नका, ऊन अजून महिनाभर आहे.

आत जाताना मी सोजराबाईंना म्हटलं, चला, दादाला बघा. त्या दारापर्यंत आल्या. तिथून वॉर्डातली दादाच्या डाव्या हाताची, आबाजीची खाट दिसते, तिच्यावर आता दुसरं कुणी आहे. त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. म्हणाल्या, तुझा हाय, तू बघ. मी बाहेर आले तेव्हा बाक रिकामा होता. शिपायानं सांगितलं, म्हातारी चाकणच्या वाटेला लागली, दुपारची गाडी धरायची म्हणाली.

त्या एवढ्या लांबून आल्या आणि मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. तुम्ही रविवारी चाकणला जाऊन या. काय बोलायचं ते मला सांगता येत नाही. नुसते त्यांच्याजवळ जाऊन बसा.

आपली
विमल